पोकरचा डीलर: वाटपापासून पंचगिरीपर्यंत

पोकरच्या टेबलावर डीलरने केव्हा मध्ये पडावे आणि केव्हा गप्प बसावे, याचे आज ठरलेले संकेत आहेत. एखाद्याने पाळी सोडून बोली केली किंवा थोड्या चिप्स पुढे सरकवून, समोरच्याचा चेहरा पाहून आणखी चिप्स काढल्या, तर डीलर कोणाच्या तक्रारीची वाट पाहत नाही. खेळाडू स्वतःच्या हातातली पाने चुकीची समजून बसला असेल, तर मात्र ती पाने टेबलावर उताणी पडेपर्यंत डीलर शब्दही काढत नाही. आणि ज्या वादात कोणाच्या हेतूचा अंदाज घ्यावा लागतो, तो वाद तो स्वतः सोडवत नसून खोलीतल्या पर्यवेक्षकाला, म्हणजे ‘फ्लोअर’ला, हाक मारतो. बोलणे, गप्प राहणे आणि वर सोपवणे ही त्रिविध विभागणी घडायला दीडशेहून अधिक वर्षे लागली. पोकरच्या पहिल्या शतकात तर बहुतेक टेबलांवर डीलर म्हणून वेगळा माणूसच नसे.

पोकर एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यू ऑर्लिअन्सच्या आसपास रूढ झाला. १८०३ मध्ये अमेरिकेने फ्रान्सकडून लुइझियाना विकत घेतला, तेव्हा तिथल्या फ्रेंच वस्तीत ‘पोक’ नावाचा पत्त्यांचा खेळ चालत असे. त्याच्याशी पोकरचे नाते सांगितले जाते. मिसिसिपी नदीतून वर जाणाऱ्या वाफेच्या बोटींनी हा खेळ देशाच्या आतल्या भागात नेला. जोसेफ काऊल या इंग्रज नटाने १८२९ मध्ये अशा बोटीवर पाहिलेल्या डावाची हकिकत १८४४ मध्ये छापलेल्या आठवणींत दिली आहे. त्याच्या एक वर्ष आधी जोनाथन ग्रीन या पश्चात्तापी जुगाऱ्याने आपल्या पुस्तकात या खेळाचे वर्णन केले होते. सुरुवातीचा कॅट २० पानांचा होता: चार खेळाडू, प्रत्येकी पाच पाने, आणि वाटप एकदाच. पुढे ५२ पानांचा कॅट आला आणि नको असलेली पाने टाकून नवी घेण्याची सोय झाली. यामुळे खेळ खुलला, पण वाटणाऱ्याच्या हाती कॅट दोनदा येऊ लागला आणि लबाडीची संधीही दुप्पट झाली.

वाटप खेळाडूंमध्येच फिरत असे. एकाने वाटून झाले की पुढचा डाव त्याच्या डावीकडचा माणूस वाटणार. दिवाळीत घरोघरी रंगणारी तीन पत्ती आजही अशीच चालते. या पद्धतीत पत्ते वाटणारा स्वतः डावात असतो, त्याचे पैसे पॉटमध्ये, म्हणजे मध्ये जमलेल्या रकमेत, असतात आणि पुढच्या मिनिटाला तो इतरांसारखाच प्रतिस्पर्धी होतो. नियम पाळले जातात की नाही हे पाहणारा तटस्थ माणूस टेबलावर कोणी नसतो. म्हणून त्या काळातले सगळे बंदोबस्त एकमेकांच्या नजरेवर उभे होते. वाटणाऱ्याच्या उजवीकडच्याने पत्ते कापायचे, वाटताना पान उघडे पडले की ठरलेल्या रीतीने पुढे जायचे, पानांची संख्या चुकली तर तो हात बाद धरायचा. नियम मोडल्याचे ज्याच्या लक्षात येईल त्यानेच बोलायचे, आणि त्याने बोलावे की नाही हे बहुधा त्याला त्या डावात काय मिळणार यावर ठरे.

अशा रचनेत पत्तेबाज ठगांचे फावले. जॉर्ज डेव्होलने १८८७ च्या आत्मकथनात मिसिसिपीवरच्या आपल्या चाळीस वर्षांच्या उचापती उघडपणे सांगितल्या. सॅन फ्रान्सिस्कोत १८८८ मध्ये केप्लिंगर नावाच्या जुगाऱ्याने अंगरख्याच्या बाहीत पान दडवण्याचे यंत्र वापरल्याचे उघडकीस आले, आणि त्याचे तपशीलवार वर्णन जॉन नेव्हिल मास्केलिन या इंग्रज जादूगाराने १८९४ च्या पुस्तकात केले. १९०२ मध्ये एस. डब्ल्यू. अर्डनेस या टोपणनावाने निघालेल्या पुस्तकात तळातून पान देणे, खोटे पिसणे, कापलेला कॅट पुन्हा होता तसा लावणे यांची शास्त्रशुद्ध शिकवणी होती. या साऱ्या युक्त्यांचा गाभा एकच होता: पत्ते ज्याच्या हातात आहेत त्याचाच निकालात स्वार्थ आहे. व्यावसायिक जुगाऱ्यांबद्दलचा लोकांचा राग इतका होता की जुलै १८३५ मध्ये मिसिसिपीकाठच्या व्हिक्सबर्ग गावात जमावाने पाच जणांना खटल्याविना फासावर लटकवले.

नियमपुस्तकांनीही हा प्रश्न सोडवला नाही. पत्त्यांच्या नियमांचा आद्य अधिकारी मानला गेलेला एडमंड होईल १७६९ मध्येच वारला. त्याने पोकर पाहिलेलाही नव्हता, तरी त्याच्या नावाने निघणाऱ्या संग्रहांत हा खेळ पुढे दाखल झाला. ब्रिटनमधील अमेरिकेचे राजदूत रॉबर्ट शेंक यांनी तिथल्या उमराव मंडळींसाठी लिहिलेले नियम १८७० च्या दशकाच्या सुरुवातीला खासगीरीत्या छापले गेले आणि पोकर इंग्लंडच्या दिवाणखान्यांत पोचला. या पुस्तकांत कोणता हात मोठा, कोणती चूक झाली तर काय दंड, हे होते. तो दंड सांगायचा कोणी आणि वसूल करायचा कोणी, याची जबाबदारी मात्र कोणावरच नव्हती. सभ्य लोकांच्या बैठकीत हे चालून जाई. अनोळखी माणसे पैसे लावून बसली की ते पुरत नसे.

त्याच काळात पगारी डीलर अमेरिकेला ठाऊक होता, पण तो दुसऱ्या खेळातला. फॅरो हा एकोणिसाव्या शतकातला तिथला सर्वांत लोकप्रिय बँकेचा जुगार. त्यात डीलर पेटीतून एकेक पान काढी, दुसरा माणूस चौकटीवरच्या मण्यांनी निघालेल्या पानांची नोंद ठेवी आणि उंच खुर्चीवर बसलेला तिसरा पैशांवर व हातांवर नजर ठेवी. नियम पाळून घेणारी माणसे इथे होती, पण ती अड्ड्याची होती आणि अड्डा हाच खेळाडूचा प्रतिस्पर्धी होता. पोकरमध्ये अड्डा डावात नसतो. खेळाडू एकमेकांविरुद्ध खेळतात आणि जागेचा मालक पॉटमधून थोडा हिस्सा किंवा बसण्याचे भाडे घेतो. म्हणजे अड्ड्याने नेमलेला, पण कोणाच्याही विरुद्ध नसलेला माणूस ठेवणे पोकरमध्ये शक्य होते. ते प्रत्यक्षात यायला मात्र विसावे शतक उजाडावे लागले, आणि अमेरिकेतल्या दोन शेजारी राज्यांनी त्यासाठी दोन वेगळे मार्ग धरले.

कॅलिफोर्नियाच्या दंडसंहितेने १८८५ पासून ‘स्टड-हॉर्स पोकर’ला बंदी घातली होती. १९११ मध्ये राज्याचे महाधिवक्ता यू. एस. वेब यांनी पाने बदलून खेळायचा ड्रॉ पोकर हा कौशल्याचा खेळ असल्याने बंदीत येत नाही, असे मत दिले. त्या मताच्या आधारावर १९३६ पासून लॉस एंजेलिसजवळच्या गार्डिना गावात पत्त्यांचे क्लब उभे राहिले. पहिला क्लब अर्नेस्ट प्रिम यांनी काढला. क्लब पॉटला हात लावत नसे. खेळाडूकडून दर अर्ध्या तासाला जागेचे भाडे घेई. भाडे गोळा करायला आणि चिप्स द्यायला मुली फिरत. पत्ते खेळाडूच आळीपाळीने वाटत, कारण भाडेच घेणाऱ्या मालकाला वाटप करणारा नोकर ठेवण्याची गरज वाटत नव्हती.

गार्डिनाच्या टेबलांवर नियम राखण्याचे काम खेळाडूंकडेच राहिले. तिथल्या डावात पहिली बोली करणाऱ्याकडे किमान गुलामांची जोडी असावी लागे, आणि डावाच्या शेवटी त्याला तो पुरावा दाखवावा लागे. तो मागायचा इतरांनी. वाद वाढला तर क्लबचा फ्लोअरमन येई, दोन्ही बाजू ऐकून निकाल देई आणि निघून जाई. घडले ते त्याने पाहिलेले नसे. ज्यांनी पाहिले ते सगळे पक्षकार असत. मानववंशशास्त्रज्ञ डेव्हिड हायानो यांनी अनेक वर्षे या क्लबांत खेळून १९८२ मध्ये लिहिलेल्या पुस्तकात तिथल्या नेहमीच्या खेळाडूंचे जग टिपले आहे. नियमभंग थांबवणारा आणि नियमभंगाचा निवाडा करणारा, अशी दोन कामे असतात हे गार्डिनाने दाखवून दिले. दुसऱ्या कामाला तिथे माणूस होता, पहिल्याला नव्हता.

नेवाडाने उलट बाजूने सुरुवात केली. १९३१ मध्ये तिथे जुगार कायदेशीर झाला, १९५५ मध्ये नियंत्रण मंडळ आले आणि १९५९ मध्ये जुगार आयोग. तिथल्या कॅसिनोंत पोकरच्या टेबलावर नोकरीतला डीलर बसे आणि प्रत्येक पॉटमधून ‘रेक’ म्हणजे जागेचा हिस्सा काढून घेई. त्यामुळे खेळाडूंच्या हातातून वाटप गेले, पण संशय गेला नाही. आता तो डीलरच्या हातावर आला. पॉटमध्ये सतत फिरणारा हात किती उचलतो, हे कोण मोजणार? म्हणून नेवाडात सर्वांत आधी शिस्त लागली ती डीलरला. राज्याच्या नियमांनी रेकला डावातील एकूण रकमेच्या दहा टक्क्यांची कमाल मर्यादा घातली. हिस्सा सर्वांना दिसेल अशा रीतीने काढायचा, टेबलावर आखलेल्या वर्तुळात ठेवायचा आणि डावाचा विजेता ठरून त्याला पैसे मिळाल्यावरच खालच्या पेटीत टाकायचा, असे बंधन आले.

कॅसिनोंनी आपल्या बाजूने वाटपाचा विधी ठरवला. पत्ते आधी टेबलावर उलटे पसरून कालवायचे, मग ठरावीक वेळा पिसायचे, मध्ये थर काढून खालीवर करायचे, पुन्हा पिसायचे आणि प्लॅस्टिकच्या पट्टीवर कापायचे. त्या पट्टीने तळातले पान झाकले जाते. प्रत्येक फेरीआधी वरचे एक पान न दाखवता बाजूला टाकायचे, म्हणजे त्यावर कोणी खूण केलेली असली तरी तिचा उपयोग होऊ नये. पाने टेबलाला लागून फेकायची, उंचावरून नाही. साधारण अर्ध्या तासाने डीलर उठतो, हात झटकून रिकामे असल्याचे दाखवतो आणि दुसऱ्या टेबलावर जातो. कॅट, पॉट आणि पाळी या तीन गोष्टी आता डीलरच्या ताब्यात आल्या. पुढे त्याला जो अधिकार मिळाला, तो या तिन्हींच्या रक्षणातून आला.

खेळ बदलला तसा हा अधिकार अपरिहार्य झाला. टेक्सासमध्ये रुजलेला होल्डेम हा प्रकार फेल्टन मॅककॉर्क्वोडेल याने १९६३ मध्ये लास वेगासच्या कॅलिफोर्निया क्लबात आणला, असे मानतात. यात प्रत्येकाला दोन बंद पाने मिळतात आणि पाच पाने सर्वांसाठी मध्यभागी उघडली जातात. बोलीच्या चार फेऱ्या होतात, आणि नो-लिमिट प्रकारात कोणत्याही क्षणी समोरच्या सगळ्या चिप्स पुढे जाऊ शकतात. मधली पाने वेळेआधी उघडली, कोणाची पाळी चुकली किंवा बोलीचा आकडा संदिग्ध राहिला, तर चूक एका खेळाडूपुरती उरत नाही. अख्खा डाव बिघडतो. मध्ये पाने उघडणाऱ्याला कोणाची पाळी राहिली आहे हे माहीत असलेच पाहिजे. कॅलिफोर्नियानेही १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात होल्डेमला वाट मोकळी केली, आणि स्वतः पत्ते वाटण्याची गार्डिनाची रीत मागे पडली.

डीलरने न विचारता बोलावे असा सर्वांत स्पष्ट प्रसंग म्हणजे तुकड्यातुकड्यांनी केलेली बोली. एक खेळाडू कॉलपुरत्या, म्हणजे आधीच्या बोलीइतक्या, चिप्स पुढे टाकतो, इतरांची प्रतिक्रिया पाहतो, मग आणखी चिप्स काढून रेज करतो, म्हणजे बोली वाढवतो. सिनेमांतून हा प्रकार नाट्यमय दिसतो, टेबलावर तो अप्रामाणिक ठरतो. एके काळी प्रतिस्पर्ध्याने हरकत घेतली तरच ही बोली अडवण्याची चाल अनेक ठिकाणी होती. त्यात अडचण अशी की हरकत घेणे किंवा न घेणे हीच एक खूण होऊन बसे. जो ओरडला त्याला रेज नको आहे, म्हणजे त्याची पाने बेताची, हे सगळ्यांना कळे. बॉब सियाफोन हे नियमकार स्वतः उत्तम खेळाडू होते. १९८७ च्या जागतिक पोकर मालिकेच्या मुख्य स्पर्धेत ते तिसरे आले होते. त्यांनी सर्वांसाठी मोफत खुली ठेवलेली नियमावली अमेरिकेतल्या असंख्य खोल्यांनी स्वीकारली. अशी उघड तुकडेबाजी डीलरने कोणी सांगण्याची वाट न पाहता थांबवावी, असे तीत नेमके म्हटले आहे. तक्रारीचे ओझे खेळाडूवरून उतरले आणि त्याबरोबर तक्रारीतून फुटणारी माहितीही थांबली.

याच तत्त्वावर इतर नियम बसले. तोंडी बोललेला शब्द बंधनकारक, म्हणून डीलर तो मोठ्याने पुन्हा उच्चारतो. काही न बोलता मोठ्या किमतीची एकच चिप टाकली तर तो कॉल समजायचा, रेज नव्हे. पाळी सोडून केलेली कृती डीलरने तिथेच थांबवायची आणि ज्याची खरी पाळी आहे त्याच्याकडे जायचे. मध्ये परिस्थिती बदलली नाही तर ती आगाऊ कृती कायम राहते. चिप्स पॉटमध्ये भिरकावणाऱ्याला आवरायचे, कारण त्या मोजता येत नाहीत. जिंकलेले पैसे हळूच खिशात घालणाऱ्याला रोखायचे, कारण समोर ठेवलेले पैसे खेळ संपेपर्यंत टेबलावरच राहिले पाहिजेत. या सर्व बाबतींत काय घडले हे डोळ्यांना दिसते आणि त्यासाठी मनात डोकवावे लागत नाही. शिवाय बोलण्यातला थोडा उशीरही एखाद्याला फायदा करून देतो. कृतींची साखळी लांबली की चूक मागे फिरवता येत नाही, आणि त्याची सीमाही नियमांनी आखली आहे: पैसे पडलेल्या कृतीसह दोन कृती, किंवा कोणत्याही तीन कृती झाल्या की डाव पुढे गेला असे धरतात.

गप्प राहण्याचे नियमही तितकेच काटेकोर आहेत. प्रत्येक खेळाडूने आपला हात एकट्याने खेळायचा असतो; त्यात शेजाऱ्याने सल्ला देणे जसे निषिद्ध, तसेच डीलरनेही. नो-लिमिट डावात पॉटमध्ये किती आहे हे डीलर मोजून सांगत नाही. पॉट-लिमिटमध्ये सांगतो, कारण तिथे बोलीची मर्यादाच पॉटवर ठरते. प्रतिस्पर्ध्याची बोली किती, हे ज्याच्यावर पाळी आहे त्याने विचारले तरच तो मोजतो. मोजण्यात चूक झाली तरी कॉल करणारा खऱ्या रकमेला बांधलेला राहतो, कारण स्वतः लक्ष ठेवणे हे खेळाडूचे काम मानले आहे. थोडक्यात, डीलरचा शब्द सगळ्यांना सारखा उपयोगी पडत असेल तर तो उच्चारायचा, एकाच्याच फायद्याचा असेल तर गिळायचा.

डावाच्या अखेरीस, पाने दाखवताना, हे मौन एका क्षणात सुटते. पान बोलते, खेळाडूचे तोंड नाही, असा नियम रूढ झाला आहे. आपला हात काय आहे हे खेळाडूने चुकीचे सांगितले तरी टेबलावर उताणी पडलेली पाने जे असतील तेच खरे. ती उताणी पडल्याबरोबर डीलरने स्वतः वाचून विजेता ठरवायचा. त्याची चूक होत असेल तर इथे टेबलावरच्या कोणीही टोकावे. मात्र पाने उताणी झालीच नाहीत तर डीलर असहाय असतो. २००९ च्या जागतिक मालिकेच्या मुख्य स्पर्धेत फिल आयव्ही या ख्यातनाम खेळाडूने आपला जिंकणारा फ्लश, म्हणजे एकाच चिन्हाची पाच पाने, न ओळखता पाने झाकलेलीच टाकून दिली आणि पॉट गमावला. त्याच स्पर्धेत दुसऱ्या टेबलावर एका फ्रेंच खेळाडूचे दोन एक्के डीलरने चुकून टाकलेल्या पानांत ओढले. पहिल्या प्रसंगात डीलरला बोलण्याचा हक्कच नव्हता. दुसऱ्यात चूक त्याची होती, तरी हात परत मिळाला नाही, कारण आपली पाने चिप किंवा अन्य वस्तू ठेवून राखणे हे खेळाडूचे कर्तव्य धरले जाते. उघडा झालेला आणि उघड जिंकलेला हात मात्र डीलर बाद करू शकत नाही, असे स्पर्धांच्या नियमांनी पुढे बजावले.

हरलेला हात पाहायला मागण्याच्या हक्काचा इतिहासही असाच आहे. दोघे संगनमताने खेळत आहेत का हे तपासता यावे म्हणून हा हक्क आला. पुढे समोरच्याची खेळण्याची पद्धत फुकटात जाणून घेण्यासाठी, कधी त्याला खिजवण्यासाठीही, तो वापरला जाऊ लागला. म्हणून जुन्या खोल्यांत डीलरला रीत शिकवली गेली की मागितलेला हात आधी टाकलेल्या पानांच्या ढिगाला टेकवायचा, म्हणजे तो बाद झाला, आणि मगच उघडायचा. हक्क कायम राहिला, पण त्यातून पॉटचा निकाल उलटण्याची वाट बंद झाली. वारंवार मागणाऱ्याचा हक्क काढून घेण्याची मुभा नियमांनी दिली, ती डीलरला नव्हे, फ्लोअरला.

निवाड्याचे काम डीलरकडे का दिले नाही, याचे उत्तर त्याच्या कमाईत आहे. अमेरिकेतल्या डीलरचा पगार तुटपुंजा असतो. उत्पन्नाचा मोठा भाग पॉट जिंकणारे देतात त्या बक्षिशीतून येतो. म्हणजे ज्यांना टोकायचे त्यांच्याकडूनच त्याला पैसे मिळतात, आणि उदार खेळाडू बहुधा नेहमी येणारा असतो. वाटपातून डीलरचा स्वार्थ काढून टाकला तरी बक्षिशीतून तो थोडासा परत आला. म्हणून ज्या प्रश्नाचे उत्तर ठरलेले आहे तेवढेच त्याच्या हाती ठेवले, आणि जिथे तोलून पाहावे लागते ते फ्लोअरला दिले. फ्लोअर आला की डीलरने घडलेले क्रमाने सांगायचे, मत द्यायचे नाही, आणि निकाल होईपर्यंत पॉट व पाने आहेत तशी राखायची. त्याच्या वर खोलीचा व्यवस्थापक असतो आणि छतावर कॅमेरे असतात. नेवाडात ५०० डॉलर किंवा त्याहून मोठा वाद मिटला नाही, तर कॅसिनोला तो राज्याच्या नियंत्रण मंडळाला कळवावा लागतो.

स्पर्धांनी या व्यवस्थेला समान कायदा दिला. लास वेगासच्या बिनियन्स हॉर्सशू कॅसिनोत १९७० साली जागतिक पोकर मालिका सुरू झाली तेव्हा मूठभर नामांकित खेळाडू होते आणि सगळे एकमेकांना ओळखत. १९७१ पासून चिप्स संपल्या की बाहेर, अशी स्पर्धा आली. पुढे गावोगावी स्पर्धा झाल्या, पण एका कॅसिनोत वैध असलेली बोली दुसरीकडे बाद ठरे. २००१ मध्ये मॅट सॅव्हेज, लिंडा जॉन्सन, जॅन फिशर आणि डेव्हिड लॅम्ब यांनी स्पर्धा संचालकांची संघटना स्थापन केली आणि एकसारखी नियमावली तयार होऊ लागली. तिचा पहिलाच नियम फ्लोअरला सांगतो की खेळाचे हित आणि न्याय यांना सर्वोच्च स्थान आहे. विशेष परिस्थितीत नियमाच्या अक्षराला बाजूला ठेवता येते. ही सवलत डीलरला नाही. नियमावलीची वेळही नेमकी जुळली: २००३ मध्ये मुख्य स्पर्धेत ८३९ खेळाडू होते, त्या वर्षी हौशी क्रिस मनीमेकर जिंकला, आणि २००६ मध्ये ही संख्या ८,७७३ झाली. हजारो नवे खेळाडू आणि त्यांच्यासाठी घाईने भरती केलेले डीलर यांना लिखित नियमांशिवाय आधार नव्हता.

वर्तनाचे नियम सर्वांत उशिरा आणि सर्वांत अडखळत आले. २००६ चा विजेता जेमी गोल्ड डाव चालू असताना आपल्या पानांविषयी सतत बोलत राही. त्यातले किती चालते यावर मोठा वाद झाला. २०१६ मध्ये विल्यम कॅसूफ या ब्रिटिश खेळाडूने प्रत्येक निर्णयाआधी लांबलचक बडबड करून टेबलाला जेरीस आणले. स्पर्धेच्या अधिकाऱ्यांनी त्याला ताकीद दिली आणि दंडही केला. तोवर निर्णयासाठी घड्याळ लावण्याची मागणी टेबलावरच्या खेळाडूकडून येण्याची रीत होती. २०१७ मध्ये मालिकेने नियम बदलून ती मुभा अधिकाऱ्यांनाही दिली. तुकड्यातुकड्यांच्या बोलीबाबत जे पूर्वी झाले तेच वेळेबाबत झाले: तक्रार खेळाडूच्या इच्छेवर न सोडता पाहणाऱ्यावर सोपवली गेली. मात्र बडबड केव्हा छळ होते, हे ठरवण्यासाठी हेतू तोलावा लागतो, म्हणून ते काम आजही डीलरचे नाही. त्याने फ्लोअरला बोलावायचे, तेही लवकर.

ऑनलाइन पोकरने ही विभागणी जणू प्रयोगशाळेत तपासून दिली. १९९८ मध्ये पैशांचा पहिला ऑनलाइन डाव सुरू झाला. तिथे पाळी सोडून खेळता येत नाही, बोली तुकड्यांनी करता येत नाही, जिंकलेला हात चुकून टाकला जात नाही आणि वेळ संपली की घड्याळच निर्णय घेते. डीलरचे न विचारता बोलण्याचे सारे काम यंत्राने उचलले. उरले ते संगनमत, एका माणसाची अनेक खाती आणि शिवीगाळ, म्हणजे नेमके फ्लोअरचे काम. ते माणसांनीच नोंदी तपासून करावे लागले.

भारतात डीलरसह चालणारे टेबल गोव्यात पाहायला मिळते. गोव्याच्या १९७६ च्या जुगारविरोधी कायद्यात १९९२ मध्ये दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरच्या खेळांना परवानगी मिळाली आणि १९९६ च्या दुरुस्तीने टेबलावरचे खेळ जहाजांवर नेले. त्यामुळे माणसाने पत्ते वाटण्याचा पोकर पणजीला मांडवीत नांगरलेल्या बोटींवर रुजला. २०१७ मध्ये ‘वर्ल्ड पोकर टूर’चा भारतातील पहिला मेळावा तिथे डेल्टिन रॉयलवर भरला. महाराष्ट्राने १९७६ मध्येच कॅसिनो कायदा मंजूर केला होता, पण तो कधी अमलात आला नाही आणि २०२३ मध्ये रद्द झाला. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणल्याने प्रत्यक्ष टेबलाचे आणि डीलरचे महत्त्व इथे वाढले. अशा टेबलावर भाषेचा नियमही कामाला येतो. अमेरिकेत डाव चालू असताना सहसा इंग्रजीतच बोलण्याचे बंधन असते, इतर देशांत इंग्रजीबरोबर स्थानिक भाषाही बहुधा चालते. दोन्हीकडे हेतू एकच: डीलरला जे समजत नाही त्यात तो मध्ये पडू शकत नाही.

या इतिहासातून निघणारा नियम सुटसुटीत आहे. पाने, पॉट आणि पाळी यांना धक्का लागत असेल तर डीलरने कोणी न सांगता आणि लगेच बोलावे. बोलण्याने एकाच खेळाडूचा फायदा होत असेल तर पाने उताणी होईपर्यंत गप्प राहावे. आणि कोणाच्या मनात काय होते हे ठरवायची वेळ आली की हात थांबवून फ्लोअरला बोलवावे. निकालाशी डीलरचा संबंध जेवढा तुटत गेला तेवढाच त्याचा अधिकार वाढत गेला, आणि बक्षिशीचा धागा शिल्लक आहे तोवर तो अधिकार याच मर्यादेत राहणे योग्य आहे.